घरच्या एलचा हिशोब : साखर, गूळ की माल्ट?

बेळगाव, निपाणी, खानापूरकडची मुलं शिक्षणाला किंवा नोकरीला इंग्लंड-अमेरिकेत गेली, की तिथल्या दुकानात घरी एल (एक प्रकारची बिअर) बनवण्याचे किट त्यांच्या नजरेला पडते. डब्यातला घट्ट माल्ट अर्क पाण्यात विरघळवायचा, त्यात साखर आणि यीस्ट घालायचे, की झाले. पण कोणती साखर घ्यायची, खर्च किती येतो आणि तयार होणारे पेय किती कडक असते, हे डब्यावरच्या चार ओळींतून कळत नाही. म्हणून हा हिशोब.

आधी कायदा

कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. ‘घरच्यापुरतेच केले’ हे कारण चालत नाही. कोगनोळी ओलांडून कागलला गेलात, तरी तिथे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ आहेच. तेव्हा सुट्टीला येताना किट आणून गावी एल लावू नका. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर बनवायला परवाना लागत नाही, मात्र ती विकता येत नाही. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने सूट दिली. ऊर्ध्वपातन करून दारू गाळणे मात्र दोन्हीकडे परवान्याशिवाय गुन्हाच आहे. खालचे आकडे ब्रिटनमधल्या वाचकासाठी आहेत.

कशातून किती साखर?

ऊसपट्ट्यातल्या माणसाला ब्रिक्स समजावून सांगावे लागत नाही. एक ब्रिक्स म्हणजे विशिष्ट घनतेचे अंदाजे चार अंक. दहा ब्रिक्सचे द्रावण हायड्रोमीटरवर सुमारे १.०४० दाखवते. एक किलो पदार्थ एक लिटरच्या हिशोबाने किती अंक देतो, ते असे :

• पांढरी साखर : ३८५. सगळी आंबते, चव मागे ठेवत नाही.
• सुकी माल्ट पावडर : ३६५. साधारण तीन चतुर्थांश आंबते, उरलेल्यातून अंग आणि चव मिळते.
• डब्यातला माल्ट अर्क : सुमारे ३००.
• गूळ : सुमारे ३४०. ओलाव्याप्रमाणे कमीजास्त. गडद गुळाची चव उतरते, पण २३ लिटरला अर्ध्या किलोवर जाऊ नका. क्षारांमुळे खारटपणा येतो. पिवळाधमक, हायड्रोस मारलेला गूळ टाळा.

कडकपणा काढायची रीत

सगळ्या पदार्थांचे अंक मिळवा आणि लिटरने भागा. १.७ किलोचा डबा (५१०) आणि एक किलो साखर (३८५) मिळून ८९५. भागिले २३ लिटर, म्हणजे ३९. सुरुवातीची घनता १.०३९. आंबून झाल्यावर समजा १.००८ उरली. फरक ०.०३१. याला १३१ ने गुणा : सुमारे ४.१ टक्के अल्कोहोल. साखरेऐवजी तेवढीच माल्ट पावडर घातली, तर शेवटची घनता १.०१० च्या आसपास थांबते आणि कडकपणा साधारण ३.७ टक्के येतो. बाटलीत फेसासाठी लिटरला सहा ग्रॅम साखर घातली, की आणखी सुमारे ०.३ टक्के वाढतात.

आणखी कडक हवी असेल तर साखर वाढवू नका, पाणी कमी करा. तोच साखरेचा घाणा २३ ऐवजी २० लिटरचा केला, तर ४.७ टक्क्यांपर्यंत जातो आणि चव पातळ होत नाही.

खर्च किती?

डबा २० पौंड, साखर १ पौंड, माल्ट पावडर किलोला १० पौंड धरू. साखरेचा घाणा लिटरला सुमारे ९० पेन्स पडतो, माल्टचा १ पौंड ३० पेन्स. झाकणाचे पिंप आणि हायड्रोमीटर हा एकदाच करायचा खर्च. दोन्ही मिळून २० पौंडांच्या आसपास. बाटल्या जुन्या चालतात, पण बिअरच्याच घ्या. पातळ काचेच्या दाबाने फुटतात.

दोन खबरदाऱ्या

उसाचा ब्रिक्स पाहायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर सुरुवातीला चालतो. आंबल्यानंतर अल्कोहोलमुळे तो चुकीचा आकडा दाखवतो. शेवटचे माप हायड्रोमीटरनेच घ्या, आणि तेही त्यावर लिहिलेल्या तापमानाला. आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मापे सारखी आल्याशिवाय बाटल्या भरू नका. साखर शिल्लक असताना बंद केलेली बाटली हातात फुटू शकते.

निवाडा

पहिल्या घाण्याला अर्धा किलो माल्ट पावडर आणि अर्धा किलो साखर घ्या. लिटरमागे वीस पेन्स जास्त जातील, पण पेय पाणचट होणार नाही. गूळ दुसऱ्या खेपेला, साखरेच्या जागी. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि टक्केवारी लिहा, म्हणजे पिणाऱ्याला आपण किती घेतोय ते कळेल. आणि पिऊन गाडी चालवू नका.