हाडांच्या गोळ्या : धोका ‘निम्मा’ होतो म्हणजे किती?

हाडांच्या घनतेचा अहवाल घेऊन येणाऱ्या भगिनी मला बहुधा एकच प्रश्न विचारतात, “डॉक्टर, या गोळ्यांनी हाड मोडायचे टळेल ना?” अ‍ॅलेन्ड्रोनेट या औषधाने धोका निम्मा होतो, असे त्यांनी कुठेतरी ऐकलेले असते. ते खोटे नाही, पण अर्धवट आहे.

१९९६ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत ज्यांचा मणका आधीच दबला होता अशाच स्त्रिया घेतल्या होत्या. सुमारे तीन वर्षांत औषध घेणाऱ्या १,०२२ जणींपैकी ११ जणींचा खुबा मोडला. तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्या १,००५ जणींपैकी २२ जणींचा. २२ चे ११ झाले, म्हणजे निम्मे झालेच. पण हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडावा. साधारण ९० जणींनी तीन वर्षे गोळ्या घेतल्या तेव्हा एकीचा खुबा वाचला. खुबा मोडल्यावर घरातल्या म्हातारीचे काय हाल होतात हे ज्यांनी पाहिले आहे, ते या ‘एकी’ला क्षुल्लक म्हणणार नाहीत.

तथापि ३३ मोडलेल्या खुब्यांवरून नियम बांधणे धाडसाचे. योगायोगानेही आकडे इकडचे तिकडे होतात. म्हणून अनेक चाचण्यांची माहिती एकत्र करून तपासतात. कोक्रेन संस्थेने २००८ साली अशा ११ चाचण्यांतील १२,०६८ स्त्रियांची माहिती एकत्र केली. मात्र सगळ्यांची भेळ केली नाही, हे महत्त्वाचे. ज्यांची हाडे बरीच विरळ झाली होती किंवा मणका मोडला होता, त्यांच्यात शंभरामागे सहा जणींचे मणके आणि एकीचा खुबा वाचला. ज्यांची हाडे त्यामानाने बरी होती, त्यांच्यात शंभरामागे दोघींचेच मणके वाचले. खुब्याच्या बाबतीत खात्रीलायक फायदा दिसलाच नाही.

औषध तेच, पण फायदा घेणारीच्या हाडांवर ठरतो. तेव्हा शेजारणीला गोळी लागू पडली म्हणून आपण सुरू करू नये. डॉक्टरांना अहवालाबरोबर दोन गोष्टी जरूर सांगाव्यात : किरकोळ पडण्याने पूर्वी कधी हाड मोडले होते काय, आणि अलीकडे उंची कमी झाली आहे काय. मणका न दुखताही दबलेला असू शकतो.