शोधयंत्राची ओळख व त्याचा योग्य उपयोग

वळवाचा पहिला चांगला पाऊस पडून गेला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडू लागतात. ह्या किडीच्या ज्या जातींचे भुंगेरे झाडांचा पाला खातात, ते सायंकाळनंतर कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात. फांद्या हलवून त्यांना खाली पाडावे, गोळा करावे व रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकून नष्ट करावे, हा कमी खर्चाचा उपाय होय. परंतु त्याचा काळ थोड्या दिवसांचा असतो. भुंगेऱ्यांनी जमिनीत अंडी घातली की ती संधी गेली. पुढे अळ्या उसाची मुळे कुरतडू लागल्यावर पीक वाचविणे अवघड व खर्चाचे होते.

अशा वेळी गावपातळीवरील कार्यकर्त्यास योग्य पत्रक त्याच दिवशी हाती यावे लागते. पत्रके नसतात असे नव्हे. घडीपत्रिका, परिपत्रके, प्रयोगांचे अहवाल ह्यांचा मोठा साठा आता संगणकावर ठेवता येतो. अडचण असते ती त्यातील नेमका कागद वेळेवर सापडण्याची. त्यासाठी शोधयंत्राचा उपयोग होतो. हे यंत्र कसे काम करते हे समजून घेतले, तर त्याच्याकडून पुरेसे काम करून घेता येते.

सूची कशी तयार होते

जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दांची सूची असते. 'हुमणी' हा शब्द कोणत्या पानांवर आला आहे ते सूचीत पाहिले की सबंध ग्रंथ चाळावा लागत नाही. शोधयंत्राची रीत हीच आहे. विचारणा आल्यावर ते सर्व पत्रके पहिल्यापासून वाचीत बसत नाही. ती त्याने आधीच वाचून, प्रत्येक शब्दापुढे तो ज्या पत्रकांत आला त्यांचे क्रमांक मांडून ठेवलेले असतात.

समजा, 'हुमणी' ह्या शब्दापुढे 4, 9 व 15 आणि 'भुंगेरे' ह्या शब्दापुढे 9, 15 व 22 हे क्रमांक आहेत. दोन्ही शब्द असलेली पत्रके मागितली, तर यंत्र दोन्ही यादींत समान असलेले 9 व 15 हे क्रमांक काढून देते. हजारो पत्रके असली तरी हे काम क्षणात होते, कारण वाचनाचे श्रम अगोदरच झालेले असतात.

रकान्यांचे महत्त्व

सातबाराच्या उताऱ्यात भोगवटादाराचे नाव, क्षेत्र व पीक ह्यांच्या जागा ठरलेल्या असतात. त्यामुळे कोणता शब्द कशाबद्दल आहे ह्याचा घोटाळा होत नाही. पत्रकांच्या नोंदीही अशाच रकानेवार ठेवल्या, तर यंत्राला 'पीक ह्या रकान्यात ऊस असलेल्या नोंदी दे' असे नेमके सांगता येते. अशा नोंदींना रचनाबद्ध नोंदी म्हणतात. ग्रंथालयांतून ही पद्धत फार दिवसांपासून रूढ आहे. तेथील मार्क 21 ह्या नोंदपद्धतीत 245 क्रमांकाचा रकाना शीर्षकाचा, 100 क्रमांकाचा मुख्य लेखकाचा व 650 क्रमांकाचा विषयाचा असतो.

अशा नोंदींसाठी तयार केलेल्या शोधयंत्रांपैकी 'झेब्रा' हे एक होय. ते डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील इंडेक्स डेटा ह्या संस्थेने तयार केले असून त्याची आज्ञावली सर्वांना खुली आहे. न्यूझीलंडमध्ये 1999 साली तयार होऊ लागलेली 'कोहा' ही ग्रंथालय-व्यवस्था झेब्राच्या साहाय्याने शोध घेऊ शकते, आणि भारतातील अनेक ग्रंथालये कोहा वापरतात. म्हणून ज्या वाचकाने अशा ग्रंथालयात संगणकावर पुस्तक शोधले असेल, त्याने कदाचित नकळत झेब्राचा उपयोग केलेला असेल.

झेब्राची दोन अंगे

झेब्राचे एक अंग नोंदी वाचून सूची तयार करते व दुसरे अंग आलेल्या विचारणांना उत्तरे देते. पहिल्या अंगास 'अपडेट' ही आज्ञा दिली की नव्या नोंदी सूचीत शिरतात. नवे काम कच्च्या सूचीत करण्याची सोय ठेवली असेल, तर 'कमिट' ही आज्ञा देईपर्यंत वाचकांना जुनीच पक्की सूची दिसते. मध्येच वीज गेली तरी पक्क्या सूचीस धक्का लागत नाही. 'इनिट' ही आज्ञा मात्र सबंध सूची पुसून टाकते. नवशिक्याने ती सहज म्हणून कधीही देऊ नये.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आज संगणकात ठेवलेले पत्रक, सूची पुन्हा अद्ययावत होईपर्यंत शोधात येणार नाही. ते हरवले असे समजण्याचे कारण नाही.

मराठी शब्दांची अडचण

आता प्रारंभीच्या उदाहरणाकडे वळू. समजा, 'उसावरील हुमणीचा बंदोबस्त' ह्या शीर्षकाचे पत्रक साठ्यात आहे. कार्यकर्ता शीर्षकाच्या रकान्यात 'ऊस' हा शब्द शोधतो व यंत्र उत्तर देते की, अशी एकही नोंद नाही. पत्रक नाहीच असे समजून तो परततो आणि भुंगेरे गोळा करण्याचे दिवस निघून जातात.

ह्यात यंत्र बिघडलेले नव्हते. त्याला मराठीचे व्याकरण ठाऊक नसते. ते अक्षरे जुळवून पाहते. 'ऊस' व 'उसावरील' ह्या शब्दांचे पहिले अक्षरसुद्धा सारखे नाही. शब्दाचा शेवट मोकळा सोडून, म्हणजे अमुक अक्षरांनी सुरू होणारे सर्व शब्द दे असे सांगून, शोध घेता येतो. 'हुमणी' शब्द असा शोधल्यास 'हुमणीचा', 'हुमणीने', 'हुमणीमुळे' हे सर्व सापडतात. परंतु 'ऊस' पासून 'उसावरील' सापडत नाही, 'कापूस' पासून 'कापसावरील' सापडत नाही आणि 'तूर' पासून 'तुरीवरील' सापडत नाही. 'काप' एवढेच लिहिले, तर कापसाबरोबर कापणीही येते.

ह्यावर खात्रीचा उपाय म्हणजे पिकाचा स्वतंत्र रकाना. त्यात पिकाचे नाव नेहमी मूळ रूपात व एकाच पद्धतीने लिहावे. 'ऊस', 'कापूस', 'तूर' असेच लिहावे. प्रत्यय लावू नये. ज्या पिकास दोन नावे आहेत त्याचे एक नाव ठरवून घ्यावे. ज्वारीस काही भागांत जोंधळा म्हणतात, तेव्हा दुसरे नाव पर्यायी नावाच्या रकान्यात द्यावे. वरील पत्रकाच्या नोंदीत 'पीक : ऊस, कीड : हुमणी, हंगाम : वळीव' एवढे लिहिलेले असते, तर शीर्षक कसेही असले तरी ते तत्काळ सापडले असते.

नोंदी युनिकोड पद्धतीनेच टंकलिखित कराव्यात. जुन्या काही टंकांतील मजकूर डोळ्यांना मराठी दिसला, तरी संगणकास तो निराळ्याच अक्षरांचा वाटतो. कागदाचे नुसते छायाचित्र साठविले, तर त्यातील शब्द यंत्रास वाचता येत नाहीत. त्याची नोंद हाताने भरावी लागते.

जादा नोंदी आल्यास

कधी काहीच सापडत नाही, तर कधी नको तेवढे सापडते. 'लष्करी अळी' हे नाव एकाहून अधिक किडींना दिले जाते. भात व ज्वारीवर पडणारी मिथिम्ना सेपरेटा ही येथील जुनी कीड आहे. मक्यावर पडणारी अमेरिकन लष्करी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, ही भारतात 2018 साली कर्नाटकात प्रथम आढळली. नुसते 'लष्करी अळी' शोधणाऱ्यास दोहोंची पत्रके एकत्र मिळतील. एकीचा उपाय दुसरीवर केल्यास पैसा जाईल व कीडही राहील.

म्हणून शोध आवळून घ्यावा. पिकाच्या रकान्यात 'मका' आणि किडीच्या रकान्यात 'लष्करी अळी', असे दोन्ही एकदम मागावे. वर्षाचा रकाना असल्यास 2018 व त्यानंतरचीच पत्रके मागावीत. किडीचे शास्त्रीय नाव नोंदीत असेल तर सर्वांत उत्तम, कारण गावोगाव बदलणाऱ्या नावांचा घोटाळा तेथे राहत नाही.

काहीच न सापडल्यास

'नोंद नाही' ह्या उत्तराचा अर्थ, ह्या शब्दाने ह्या रकान्यात नोंद नाही, एवढाच घ्यावा. शेतकऱ्यास 'ह्यावर उपाय नाही' असे त्यावरून सांगू नये. प्रथम शब्दाचे दुसरे रूप घालून पाहावे. मग एका रकान्याऐवजी सर्व रकान्यांत शोधावे. झेब्रामध्ये सूचीच उघडून पाहण्याची 'स्कॅन' नावाची सोय आहे. ती वापरली की दिलेल्या शब्दाच्या आसपासचे शब्द व प्रत्येक शब्दाच्या किती नोंदी आहेत हे दिसते. साठ्यात शब्द कोणत्या रूपांत लिहिले गेले आहेत, ह्याचा त्यावरून उलगडा होतो. तेथेच अशुद्ध लिहिलेले शब्दही नजरेस पडतात. ते नोंदवून दुरुस्तीसाठी कळवावेत.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

1. पीक, कीड, हंगाम व वर्ष ह्यांचे रकाने रिकामे सोडू नयेत.
2. पिकांची व किडींची नावे ठरलेल्या मूळ रूपातच लिहावीत.
3. नवी पत्रके ठेवल्यावर सूची अद्ययावत झाल्याची खात्री करावी.
4. फार नोंदी आल्यास रकाने जोडून शोध आवळावा. काहीच न आल्यास शब्द बदलून तो सैल करावा.
5. सापडलेले पत्रक आपल्याच पिकाचे, किडीचे व अलीकडील शिफारशीचे आहे हे वाचून पाहिल्याशिवाय सल्ला देऊ नये.

पेरावे तसे उगवते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. नोंदींनाही तोच न्याय लागू आहे. पत्रक आले त्या दिवशी चार रकाने नीट भरण्यास जी पाच मिनिटे लागतात, तीच पुढे पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी एखाद्याच्या उसाच्या कामी येतात.