मुठीची जोडी

'मूठ' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. बोटे मिटली की होते ती मूठ, आणि सुरी, विळा, कोयता जेथे धरतात तीही मूठच. हिंदीत तिला 'दस्ता' म्हणतात. हा शब्द 'हात' या अर्थाच्या फारसी 'दस्त'वरून आला. दोन्ही भाषांनी या वस्तूचे नाव हातावरून ठेवले आहे. तरीही सुरी विकत घेताना आपण धार पाहतो, मूठ क्वचितच पाहतो. मूठ सैल झाली, की ओल्या हातातून सुरी फिरते आणि बोटे पात्यावर जातात. लाकडाच्या ठोकळ्यातून अशी मूठ हातहत्यारांनी कशी काढतात, हे प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे.

पनागर हे जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या महामार्गावरील गाव. इकडच्या मराठी विद्यार्थ्याच्या कानावर सुतारकामाचे शब्द दोन्ही भाषांतून पडतात. घरी करवत म्हणावे, सुताराकडे गेल्यावर आरी. रंध्याचा रंदा होतो आणि कानशीची रेती. त्यात गोंधळण्यासारखे काही नाही. हत्यार एकच असते.

जबलपूर भागातील जंगलात मुठीला योग्य अशी अनेक झाडे आहेत. साग कापावयास सोपा, परंतु तेलकट. चिकटविण्यापूर्वी पृष्ठभाग पुसून घ्यावा लागतो. धावडा चिवट असतो, म्हणूनच बैलगाडीचा आस आणि कुऱ्हाडीचा दांडा त्याचा करीत. शिसव जड आणि देखणा. तेंदू आपण ओळखतो तो विडीच्या पानावरून. पण त्याच्या जुन्या खोडाचा गाभा काळाभोर असतो, आणि त्याच्या शास्त्रीय नावातील 'मेलॅनॉक्सिलॉन' या शब्दाचा अर्थच 'काळे लाकूड' असा आहे. मुठीसाठी झाड तोडण्याचे मात्र कारण नाही. सुताराकडे खाटेचा पाय किंवा दाराची चौकट करताना उरलेला वीतभर तुकडा पुरेसा होतो.

तो तुकडा वाळलेला हवा. ओले लाकूड वाळताना आकसते. लांबीत अगदी थोडे, रुंदीत बरेच जास्त. पावसाळ्यात बसविलेली ओली मूठ पुढच्या उन्हाळ्यात आकसली, की पोलादाची कड लाकडाबाहेर येऊन तळव्याला टोचू लागते आणि रिव्हेट ढिले होतात. लाकूड वाळले की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. दर आठवड्याला वजन करावे. ते घटावयाचे थांबले, म्हणजे लाकूड तयार झाले.

आता कापणी. आपल्याजवळ 125 मिलिमीटर लांब, 40 रुंद आणि 25 जाड असा ठोकळा आहे, असे समजा. पात्याचा जो भाग मुठीत जातो, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लाकडी पट्टी बसते. करवतीचे दात साधारण दीड मिलिमीटर लाकडाचा भुसा करतात. उरलेल्या साडेतेवीसमधून दोन पट्ट्या निघतात, प्रत्येकी पावणेबारा. घासून सपाट केल्यावर दहा-साडेदहा उरते. एवढ्या जाडीत मुठीला गोलाई देता येते. ठोकळ्यातून तीन पट्ट्या काढण्याचा मोह होतो. करून पाहा हिशेब: दोन कापांत तीन मिलिमीटर जातात, प्रत्येक पट्टी सव्वासातच्या आसपास येते आणि घासल्यावर जेमतेम सहाची राहते. अशी मूठ हातात भरत नाही.

रेषांची दिशा याहून महत्त्वाची. लाकडाच्या शिरा मुठीच्या लांबीतून धावल्या पाहिजेत. त्या आडव्या किंवा तिरक्या असल्या, तर सुरी जमिनीवर पडताच पट्टी रिव्हेटच्या भोकापाशी चिरते.

कापण्यापूर्वी ठोकळ्याच्या टोकावर पेन्सिलीने एक त्रिकोण काढावा. पट्ट्या वेगळ्या झाल्यावर तो जुळवून पाहिला, की कोणत्या दोन बाजू शेजारच्या होत्या ते समजते. ही जोडी मोडू नये. शेजारच्या पट्ट्यांच्या शिरा सारख्या असतात, आणि त्या हवेबरोबर बहुधा सारख्याच फुगतात-आकसतात.

जाडीच्या मध्यावर, सर्व बाजूंनी, समांतर रेघ ओढावी. ठोकळा शेगड्यात घट्ट धरावा. हाताने धरून कधीही कापू नये. बारीक दातांची करवत कोपऱ्यावर तिरकी टेकवावी, म्हणजे वरची आणि समोरची अशा दोन्ही रेघा एकाच वेळी दिसतात. थोडे कापून ठोकळा उलटवावा व दुसऱ्या बाजूने कापावे. एका बाजूनेच घाईने कापत गेल्यास करवत आत भरकटते आणि एक पट्टी पाचरीसारखी होते. जोर लावू नये. दात आपले काम करतात.

सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवून पट्ट्यांची आतली बाजू घासावी. पोलादावर ठेवून प्रकाशासमोर धरली असता फट दिसू नये. शिसवाचा भुसा काहींच्या त्वचेला व श्वासाला त्रास देतो, म्हणून नाकातोंडाला फडके बांधावे.

भोके पाडताना पोलादी पात्यातील भोकेच खूण म्हणून वापरतात. एक क्रम नवशिक्याला हमखास चुकवितो: पात्याकडील पट्टीचे टोक बसविण्यापूर्वीच गोल करून चकाकवून घ्यावे. नंतर तेथे कानस पोहोचते खरी, पण पात्यावर ओरखडे उठवून.

पाठगत प्रश्न
1. ठोकळा 30 मिलिमीटर जाड असून करवत दीड मिलिमीटर लाकूड खात असेल, तर दोन पट्ट्या प्रत्येकी किती जाडीच्या निघतील?
2. त्रिकोणाची खूण कापण्याआधीच का करावी?
3. तुमच्या घरातील एका जुन्या सुरीची मूठ पाहा. पोलादाची कड बाहेर आली आहे काय? त्याचे कारण चार-पाच वाक्यांत लिहा.