चोवीस : एका संख्येचा अभ्यास

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला. त्यावरील अशोकचक्रास २४ आरे आहेत. या संख्येचे गणितही विद्यार्थ्यांनी जाणावे, असे आम्हांस वाटते.

१, २, ३, ४, ६, ८, १२ व २४ हे तिचे आठ विभाजक. त्यांत अष्टांगिक मार्गाचा संकेत शोधू नये. तो योगायोग होय. शुभ-अशुभ अंकांच्या समजुतीस आपल्या धम्मात थारा नाही.

खरे नवल निराळे आहे. ३ हून मोठ्या कोणत्याही मूळ संख्येच्या वर्गातून १ वजा करावा. बाकीस २४ ने निःशेष भाग जातो. ५ पासून २४, ७ पासून ४८, ११ पासून १२० मिळतात.

परंतु उदाहरणे म्हणजे सिद्धता नव्हे. ही वजाबाकी म्हणजे मूळ संख्येच्या मागील व पुढील संख्यांचा गुणाकार. त्या दोन्ही लगतच्या सम संख्या. एकीस ४ ने भाग जातो, म्हणून गुणाकारास ८ ने जातो. लगतच्या तीन संख्यांपैकी एकीस ३ ने भाग जातोच, आणि ती मधली मूळ संख्या असू शकत नाही. आठ त्रिक चोवीस.

ज्यांच्या पूर्वजांना विद्येचा अधिकार नाकारला गेला, त्या मुलांनी हे स्वतः पडताळावे. सिद्धता कोणाचेही कुळ विचारीत नाही.