हस्तव्यवसाय पाठ : गोधडीच्या टाक्याचे बसकर

(इयत्ता ५ वी ते ७ वी, मुले व मुली दोघांसाठी)

गोधडी ही महाराष्ट्रातील घरोघरची कला होय. काही भागांत तिलाच वाकळ म्हणतात. जुनी लुगडी व धोतरे एकावर एक अंथरून ती धावदोऱ्याने शिवतात. अनेकदा धुतलेले कापड मऊ असते, पुन्हा फारसे आटत नाही व त्यातून सुई सहज जाते. थरांत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते.

साहित्य : जुन्या सुती कापडाचे ४७ सें.मी. चौरस दोन व ४५ सें.मी. चौरस दोन तुकडे, जाड दोरा, सुई, अंगुस्तान, पट्टी, खडू.

कृती : लहान तुकडे मोठ्यांच्या मध्ये ठेवून कच्चे टाके घालावेत. मोठ्यांच्या कडा आत दुमडून शिवाव्यात. कडेपासून १.५ सें.मी. अंतरावर धावदोऱ्याचा पहिला चौरस घालावा. पुढे तितक्याच अंतराने एकात एक चौरस मध्यापर्यंत शिवावेत.

गणिताशी सांगड : पहिल्या चौरसाची परिमिती १६८ सें.मी.; पुढील प्रत्येक १२ सें.मी.ने कमी. चौदा चौरसांची एकूण लांबी मुलांनीच काढावी. ती १२ मी. ६० सें.मी. येईल.

शिक्षकांस सूचना : कोणते कापड कोणाच्या घरचे, हे वर्गात विचारू नये. सर्व तुकडे धुऊन, एकत्र मिसळून मगच वाटावेत. ठिगळाची लाज वाटणारे मूल सुई हाती धरीत नाही. गावातील एखाद्या जाणत्या आजींस एक तास सन्मानाने बोलवावे. त्यांचा हात चालताना पाहून मुले जे शिकतील, ते फळ्यावर दाखविता येणार नाही.