पानगळीचे छायाचित्रण

शरदात पाने तांबडी होतात ती थंड देशांत. आपल्या पांढुर्णा-सौंसरकडे पानगळ शिशिरात होते. साग उघडा पडतो आणि निष्पर्ण पळस फुलून येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीसाठी जाम नदीत रोवतात, तोच हा पळस! भर उन्हात त्याचे छायाचित्र घेतल्यास लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेस पोचते. पाकळ्यांच्या छटा पुसून नुसता डाग उरतो व तो संगणकावरही सुधारत नाही. म्हणून आम्ही प्रकाश थोडा कमीच घेतो. पुढे रंग सुधारताना प्रथम खोडाचा राखी रंग खरा करावा. फुलांचा बहुधा आपोआप जुळतो. गडदपणा वाढविण्याचा मोह मात्र आवरावा. थोड्याच दिवसांत कुसुंब लालबुंद होतो. ती कोवळी पालवी होय. तिला पिवळट करून पानगळ म्हणून खपवू नये.