ऑलिव्हचे झोंबरे तेल आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर

प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचे अस्तर असते. त्याची जाडी अवघी एका पेशीएवढी. निरोगी स्थितीत रक्तातील श्वेतपेशी त्यावरून न चिकटता वाहत जातात. दाह उत्पन्न झाला म्हणजे मात्र अस्तराच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर चिकट प्रथिने उभारतात. श्वेतपेशी त्यांत अडकतात व भिंतीत शिरतात. जखम झाली असता ही व्यवस्था उपकारकच होय. परंतु तीच वर्षानुवर्षे चालू राहिली, तर धमनीच्या भिंतीत मेदाचे थर साचण्यास साहाय्य होते आणि हृदयविकाराचा पाया घातला जातो.

ग्रीस, इटली, स्पेन या देशांत ऑलिव्ह फळांचे तेल नित्याच्या आहारात असते. फळे नुसती दाबून काढलेले ताजे तेल घशाला झोंबते. गॅरी बीचम या अमेरिकन शास्त्रज्ञांनी सिसिली बेटावर ते चाखले, तेव्हा ही झोंबणी त्यांना ओळखीची वाटली. आयब्युप्रोफेन या वेदनाशामक औषधाचे द्रावण गिळताना घशात असेच होते. 2005 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या झोंबणाऱ्या द्रव्यास ओलिओकँथल हे नाव दिले. रचना भिन्न असूनही ते आयब्युप्रोफेनप्रमाणेच दाहकारक पदार्थ बनविणाऱ्या विकरांना रोखते. प्रमाण मात्र अल्प आहे: 50 ग्रॅम तेल म्हणजे औषधाच्या नेहमीच्या मात्रेचा सुमारे दहावा हिस्सा.

तत्पूर्वी 2003 साली इटालियन संशोधकांनी ऑलिव्हमधील हायड्रॉक्सीटायरोसॉल व ओलियुरोपीन ही द्रव्ये पारखली होती. अर्भकाच्या नाळेतील शिरेच्या अस्तरपेशी काचपात्रात वाढवून त्यांना प्रथम ही द्रव्ये दिली व मग दाहाची चेतना दिली. चिकट प्रथिने कमी निर्माण झाली. श्वेतपेशीही कमी चिकटल्या.

तथापि काचपात्र म्हणजे मनुष्यदेह नव्हे. आतडी व यकृत या द्रव्यांचे स्वरूप रक्तात पोचण्यापूर्वीच बरेचसे पालटून टाकतात. म्हणूनच स्पेनमधील एका मोठ्या प्रयोगास महत्त्व येते. हृदयविकाराची भीती असलेल्या 7,447 व्यक्ती त्यात होत्या. भूमध्य सागरी आहाराबरोबर असे ताजे तेल ज्यांना मिळाले, त्यांच्यात हृदयविकाराचे झटके, पक्षाघात व तज्जन्य मृत्यू मिळून सुमारे 30 टक्क्यांनी कमी आढळले. 2013 चा हा अहवाल गटवारीतील दोषांमुळे मागे घेण्यात आला. फेरतपासणीनंतर 2018 साली तो पुन्हा प्रसिद्ध झाला, तेव्हाही निष्कर्ष जवळजवळ तोच राहिला. मात्र तेलासोबत भाज्या, फळे, कडधान्ये व मासेही होते. श्रेय एकट्या कोणा द्रव्यास देता येत नाही.

बाजारातील परिष्कृत ऑलिव्ह तेल घशाला झोंबत नाही. मेद त्यातही तोच असतो. ही द्रव्ये मात्र शुद्धीकरणात बहुतांशी निघून गेलेली असतात.